ख्रिस्तपुराण आणि घरची ओवी

फादर टॉमस स्टीफन्स यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’विषयी मराठीत आजवर जे लेखन झाले आहे ते चाळून पाहिले असता एक गोष्ट प्रकर्षाने नजरेत भरते. पुराणाच्या आरंभी मराठी भाषेच्या स्तुतीचा जो भाग आहे, तो बहुतेक प्रत्येक लेखक आवर्जून उद्धृत करतो. इंग्लंडात जन्मलेल्या एका जेज्वीट धर्मोपदेशकाने आपल्या भाषेची थोरवी गावी, याचा आपणांस आनंद वाटतो आणि त्या आनंदात चर्चा पुष्कळदा तेथेच संपते. जवळजवळ अकरा हजार ओव्यांच्या ग्रंथातील मूठभर ओव्या आपल्या अभिमानाच्या कामी आल्या. बाकीचा ग्रंथ भाषाशास्त्राच्या अभ्यासकांकडे सोपवून आपण मोकळे झालो. अ. का. प्रियोळकर, स. गं. मालशे यांच्यासारख्या अभ्यासकांनी या ग्रंथाच्या भाषेचा, पाठाचा व मुद्रणेतिहासाचा जो परामर्श घेतला आहे त्याचे मोल कमी करण्याचा येथे हेतू नाही. त्यांच्याच श्रमांमुळे पुढचा प्रश्न विचारता येतो. तो प्रश्न असा: हा ग्रंथ ज्यांच्यासाठी लिहिला गेला त्यांच्या दैनंदिन जीवनात त्याने कोणती जागा भरावी अशी अपेक्षा होती, आणि ती जागा त्याने खरोखर भरली काय?

हा प्रश्न केवळ धर्मेतिहासाचा आहे असे कोणी म्हणेल, तर ते प्रस्तुत लेखकास मान्य नाही. भक्तिवाङ्मयाचे मूल्यमापन त्याच्या उपयोगापासून तोडून करता येत नाही, हे आपण वारकरी वाङ्मयाच्या बाबतीत केव्हाच मान्य केले आहे. ज्ञानेश्वरीची चर्चा करताना पारायणाची परंपरा, अभंगाची चर्चा करताना भजन आणि दिंडी आपण विसरत नाही. मग ख्रिस्तपुराणाच्या वाट्यासच तेवढी शब्दसूची का यावी?

ग्रंथाची हकीकत जाणकारांना ठाऊकच आहे; म्हणून ती थोडक्यात सांगतो. स्टीफन्स १५७९ साली गोव्यास आले आणि १६१९ साली तेथेच निवर्तले. मधली चाळीस वर्षे बव्हंशी सासष्टीत गेली. ख्रिस्तपुराण १६१६ साली रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. पुढे १६४९ व १६५४ साली त्याच्या आवृत्त्या निघाल्या. पहिल्या पुराणात सृष्टीच्या उत्पत्तीपासून ख्रिस्ताच्या आगमनाच्या प्रतीक्षेपर्यंतची कथा आहे, तर दुसऱ्यात ख्रिस्ताचे चरित्र. १९०७ साली मंगळूर येथे जे. एल. सालढाणा यांनी ते पुन्हा छापले, १९५६ साली शांताराम बंडेलू यांची देवनागरी आवृत्ती पुण्यास निघाली, १९९६ साली फादर कारिदाद द्रागो यांची आणि त्यानंतर फादर नेल्सन फलकाव यांची. लंडन येथील मार्सडन संग्रहातील देवनागरी हस्तलिखिताकडे जस्टिन अ‍ॅबट यांनी लक्ष वेधल्यापासून पाठभेदाचा वाद सुरू झाला, तो अजून पुरता मिटलेला नाही.

आता पहिल्या पुराणाच्या पहिल्या अवस्वराकडे वळू. तेथे ग्रंथोत्पत्तीचा प्रसंग कवीने रंगविला आहे. सासष्टीतील चर्चमध्ये पाद्री ख्रिस्ती धर्माची शिकवण देत असता एक ख्रिस्ती झालेला ब्राह्मण पुढे येतो आणि आपली अडचण मांडतो. त्याच्या बोलण्याचा आशय असा की, आमची पूर्वीची पुराणे तुम्ही वर्ज्य केलीत. मग त्यांच्या जागी तशीच दुसरी पुराणे आम्हांस का देत नाही? या प्रसंगाकडे ग्रंथारंभीचा एक संकेत म्हणून पाहण्याची चाल आहे. श्रोत्याने प्रश्न विचारावा आणि वक्त्याने उत्तरादाखल ग्रंथ सांगावा, ही पुराणांची रीतच आहे. ती कवीने उचलली, एवढेच आपण म्हणतो. पण प्रश्नकर्त्याने काय मागितले ते नीट पाहिले पाहिजे. तो सिद्धान्ताविषयी शंका विचारत नाही. सिद्धान्त त्यास प्रश्नोत्तरांतून मिळतोच आहे. त्या शिकवणीची उपयुक्तता तो नाकारीत नाही. त्याला हवे आहे ते पुराण, म्हणजे ऐकावयाचे, पुन्हापुन्हा ऐकावयाचे, काम आटोपल्यावर चारजणांनी एकत्र बसून ऐकावयाचे असे काहीतरी.

पुराण हे आपल्याकडे वाचण्यापेक्षा ऐकण्याचे वाङ्मय आहे. त्याचे श्रवण चातुर्मासात होते, देवळात किंवा ओसरीवर होते, आणि ऐकणाऱ्यांत लिहितावाचता न येणारेही असतात. अशा श्रवणाने दिवसाचा काही भाग आणि वर्षाचा काही काळ व्यापलेला असतो. धर्मांतर झाले म्हणजे देव बदलला, नाव बदलले, उपासनेचे स्थान बदलले. परंतु तिसऱ्या प्रहरीचा तो रिकामा वेळ बदलला नाही. तो आता खरोखरीच रिकामा झाला. ब्राह्मणाच्या तोंडच्या मागणीत ही पोकळी बोलते आहे. स्टीफन्स यांचे मोठेपण मराठीची स्तुती करण्यात जितके आहे त्याहून अधिक ही पोकळी ओळखण्यात आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

मात्र येथेच एक अप्रिय गोष्ट सांगितली पाहिजे. पोकळी आपोआप झाली नव्हती. सासष्टीतील देवळे १५६७ साली पाडली गेली. धर्मन्यायालय १५६० पासून गोव्यात चालू होते. मराठी-कोकणी पोथ्या बाळगणे हा संशयास पात्र ठरणारा विषय झाला होता. १५८३ साली कुंकळ्ळी येथे पाच जेज्वीटांची हत्या झाली, ती या वातावरणातच. ज्या हातांनी जुनी पोथी काढून घेतली, त्याच संस्थेच्या एका हाताने नवी पोथी दिली. ब्राह्मणाच्या प्रश्नात ‘तुम्ही वर्ज्य केलीत’ हा भाग आहे आणि कवीने तो लपविला नाही, हे त्याच्या प्रामाणिकपणाचे लक्षण होय. परंतु त्या वर्जनाविषयी त्यास खंत होती असे ग्रंथावरून म्हणता येत नाही. मूर्तिपूजेचे खंडन तो पूर्ण आवेशाने करतो. आजच्या सर्वधर्मसमभावाचा अंगरखा सतराव्या शतकातील या पाद्र्याच्या अंगावर चढविण्याची घाई काही अलीकडच्या लेखकांनी केली आहे. तीमुळे ना त्याला न्याय मिळतो, ना त्याच्या श्रोत्यांना.

श्रोत्यांविषयी तो किती जागरूक होता याचा दाखला ग्रंथाच्या गद्य प्रस्तावनेत मिळतो. मराठी हीच देवाच्या गोष्टी सांगण्यास योग्य भाषा म्हणून आपण निवडली, तथापि शुद्ध मराठी सामान्य लोकांना समजत नसल्यामुळे जुन्या कवींचे पुष्कळ अवघड शब्द टाकून तीत ब्राह्मणांच्या बोलीतील सोपे शब्द मिसळले, असे तो स्वतः सांगतो. भाषाशास्त्रज्ञांनी हे विधान मराठी-कोकणी संबंधाच्या वादात साक्षीस बोलाविले आहे. पण ते मुळात एका उपदेशकाचे विधान आहे. ग्रंथाची भाषा उंच राहिली पाहिजे, कारण विषय देवाचा आहे. आणि ती घरात शिरली पाहिजे, कारण श्रोता शेतातून, माडांच्या बागेतून किंवा स्वयंपाकघरातून उठून आला आहे. या दोन ओढींमधला ताण ग्रंथात सर्वत्र जाणवतो. कथा चालू असते तेव्हा ओवी सहज वाहते. दुःखभोगाचे वर्णन येते तेव्हा तिला करुणरसाचा भार पेलतो. सिद्धान्ताचे विवरण सुरू झाले की मात्र तीच ओवी कोरडी पडते आणि पाद्री कवीवर मात करतो. छापील प्रतीतील पोर्तुगीज धर्मसंज्ञांच्या ठिकाणी मार्सडन प्रतीत संस्कृत शब्द सापडतात. यांपैकी मूळ कोणते, हा वाद पंडितांनी चालवावा. श्रोत्याच्या दृष्टीने पाहिले तर दोन्ही प्रकारच्या शब्दांचे काम एकच आहे: रोजच्या बोलीत नसलेला एक शब्द कानावर घालून त्यास उपासनेच्या क्षेत्रात नेणे. परका शब्द आणि संस्कृत शब्द, दोन्ही घरच्या भाषेपेक्षा वेगळे. घरचा शब्द कथेसाठी राखलेला.

या ठिकाणी एका समकालीन युरोपीय ग्रंथाशी तुलना करण्याचा मोह आवरत नाही. ख्रिस्तपुराणाच्या आधी केवळ सात वर्षे, १६०९ साली, जिनीव्हाचे बिशप फ्रान्सिस द सेल्स यांनी फ्रेंच भाषेत भक्तिमय जीवनाची ओळख करून देणारा आपला सुप्रसिद्ध ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यापूर्वीचे बहुतेक भक्तिपर लेखन संसार सोडलेल्यांसाठी होते. फ्रान्सिस यांनी संसारात राहणाऱ्यांसाठी लिहिले. सरदार, कारागीर, नोकर, विधवा, कुमारिका, विवाहिता या प्रत्येकाची भक्ती निराळी असावयास हवी, बिशपाने मठवासी संन्याशासारखे एकान्तात राहू पाहिले किंवा गृहस्थाने काही मिळवायचेच नाही असे ठरविले तर ती भक्ती हास्यास्पद होईल, असा त्यांचा रोखठोक विचार आहे. सकाळच्या चिंतनातून दोनचार गोष्टी निवडून घ्याव्या आणि बागेतून निघताना तोडलेल्या फुलांप्रमाणे दिवसभर त्यांचा वास घेत राहावे, ही त्यांची कल्पना तर फार हृद्य आहे.

दोन्ही ग्रंथ गृहस्थासाठी आहेत, दोन्ही लोकभाषेत आहेत, आणि दोन्ही एकाच कॅथलिक नवजागृतीच्या काळातले आहेत. पण त्यांची वाट भिन्न आहे. फ्रान्सिस यांची वाचक एक सुशिक्षित स्त्री आहे. ती एकटी बसून मनात वाचते, मनात ठरविते, रात्री मनाचा हिशेब घेते. तिची भक्ती रोजच्या जीवनात शिरते ती विचाराच्या दाराने. सासष्टीतला श्रोता एकटा नाही आणि त्याच्या हातात पुस्तकही नाही. रविवारी व सणाच्या दिवशी उपासनेनंतर पुराण वाचले जाई तेव्हा ते सर्वांनी मिळून ऐकावयाचे असे. ऐकलेले चालीवर पाठ होई आणि पाठ झालेले घरी जाई. येथे भक्ती शिरते ती कानाच्या दाराने, आणि घरात राहते ती जिभेवर. फ्रान्सिस झेवियर यांनी १५४२ साली गोव्यात आल्यावर रस्त्याने घंटा वाजवीत मुले गोळा करून प्रार्थना गाऊन शिकविण्याची जी रीत पाडली, पुढे पूर्व किनाऱ्यावर मुलांनाच घरोघरी आजाऱ्यांपाशी प्रार्थना म्हणावयास जी पाठविली, तिच्यातही हेच तत्त्व होते. या देशात धर्म सुरांवर बसून घरी जातो, हे या परदेशी माणसांनी आपल्या चर्चपीठांपेक्षा लवकर ओळखले.

असे असता ख्रिस्तपुराण घराच्या आतल्या भागापर्यंत पोहोचले काय? येथे आपल्याला ओवीच्या दोन घरांचा विचार करावा लागतो. मराठीत ओवी दोन ठिकाणी राहते. एक ग्रंथातली ओवी. ती ज्ञानदेव-एकनाथांची, पुराणिकाच्या मुखातली. दुसरी जात्यावरची आणि लग्नघरातली. ती बायकांची, कोणी न लिहिलेली. अभ्यासक्रमात दोन्हींची लक्षणे एकाच प्रकरणात देतात, परंतु त्यांचे सामाजिक आयुष्य फार वेगळे आहे. स्टीफन्स यांनी पहिली ओवी घेतली. त्यांचा श्रोता चर्चच्या मंडपात बसलेला, त्यांचा प्रश्नकर्ता पुरुष आणि ब्राह्मण. दुसरी ओवी त्यांच्या दृष्टीच्या टप्प्यात होती की नव्हती कोण जाणे. त्यांच्या ग्रंथात ती नाही.

ती मात्र घरात होतीच. याचा पुरावा एखाद्या कवीने नव्हे, धर्मन्यायालयाने दिला आहे. गोव्याच्या धर्मन्यायालयाने १७३६ साली जो जाहीरनामा काढला, तो प्रियोळकरांच्या ‘द गोवा इन्क्विझिशन’ या १९६१ सालच्या ग्रंथामुळे अभ्यासकांस सहज उपलब्ध झाला. त्यात ख्रिस्ती झालेल्या लोकांनी घरात काय करू नये याची लांबलचक जंत्री आहे. लग्नात देशी वाद्ये वाजवू नयेत. वधूच्या घरी विडे, सुपारी, फुले पाठवू नयेत. वधूवरांच्या अंगाला हळद, दूध, खोबरेल लावू नये. मिठाशिवाय भात शिजवून खाऊ नये. अंगणात तुळस लावू नये. पुरुषांनी धोतर आणि बायकांनी चोळी घालू नये. आणि लग्नप्रसंगी ओव्या गाऊ नयेत, उघडपणे नाही, खाजगीतही नाही.

ही यादी वाचताना मनावर एक चमत्कारिक परिणाम होतो. जे पुसून टाकावयाचे होते तेच तिने जतन करून ठेवले आहे. धर्मांतरानंतर दीडशे-पावणेदोनशे वर्षे उलटल्यावरही सासष्टी-बार्देशातील ख्रिस्ती घरांत लग्नाच्या आदल्या दिवशी काय चालत असे, याचे इतके बारीक वर्णन अन्यत्र क्वचितच सापडेल. एखाद्या लोकवाङ्मयाच्या संग्राहकाने करावे ते काम द्वेषाने झाले. शिवाय यादीतील विसंगती पाहा. १६१६ साली ज्या छंदाला चर्चने आपल्या मंडपात मानाचे आसन दिले, त्याच नावाचा छंद १७३६ साली माजघरात गुन्हा ठरला. ग्रंथातली ओवी पवित्र आणि घरची ओवी संशयित!

यावर कोणी म्हणेल की, बंदी ओवीच्या छंदावर नव्हती, तिच्यातील जुन्या देवदेवतांच्या नावांवर आणि विधींवर होती. काही अंशी ते खरे असेल. परंतु जाहीरनाम्याने आशयाची निवड केलेली दिसत नाही. ख्रिस्ती नावे घालून गायिलेली ओवी चालेल असे तो म्हणत नाही. तो गाणेच बंद करतो. मिठाशिवायच्या भातात कोणते दैवत लपलेले असते? येथे आक्षेप श्रद्धेवर नव्हे, सवयीवर आहे. रोजच्या वागण्याची जी एक घडण असते तिच्यावर आहे. १६८४ साली व्हाइसरॉयने तीन वर्षांत देशी भाषा सोडून पोर्तुगीज बोलण्याचा हुकूम काढला, त्यामागेही हाच समज होता की, माणसाचे दैनंदिन वळण बदलल्याखेरीज त्याचा विश्वास पक्का होत नाही. स्टीफन्स यांची समजूत याच्या नेमकी उलट होती. त्यांनी वळण तसेच ठेवले आणि कथा बदलली. कॅथलिक चर्चच्या पोटातच ही दोन मते एकाच भूमीवर नांदली, आणि दुसऱ्या शतकात पहिल्या मताने दुसऱ्यास मागे सारले. ख्रिस्तपुराणाच्या परंपरेतील ग्रंथरचना—एतिएन द ला क्रुआ यांचे १६२९ ते १६३४ या काळात छापले गेलेले सेंट पीटरवरील पुराण, आंतोनियु द साल्दाञ यांची १६५५ ची सेंट अँथनीची कथा—सतराव्या शतकाच्या मध्यानंतर का आटली, याचे उत्तर केवळ मुद्रणालयाच्या अडचणीत शोधणे पुरेसे नाही.

मग जिंकले कोण? हुकूम जिंकले असे दिसत नाही. आजही गोमंतकीय, मंगळुरी आणि मुंबईच्या ईस्ट इंडियन कॅथलिक घरांत लग्नाच्या आदल्या दिवशी नारळाच्या रसाने वधूवरांना न्हाऊ घालण्याचा विधी होतो आणि त्या वेळी बायका गातात. ईस्ट इंडियन लोकांत उंबराचे पाणी आणावयास वाजतगाजत विहिरीवर जातात; तेथली गाणी मराठीच्या बोलीतली असतात. घरची ओवी माजघरात टिकली. आणि ग्रंथातली ओवीही सर्वस्वी नाहीशी झाली नाही. ती स्थलांतर करून कानडा प्रांतात गेली. टिपूने १७८४ साली मंगळुरी ख्रिस्तींना श्रीरंगपट्टणास बंदिवासात नेले तेव्हा पाद्री नव्हते, चर्च नव्हते, अशा काळात त्यांच्या श्रद्धेस ख्रिस्तपुराणाच्या पठणाचा आधार होता, अशी त्या समाजाची परंपरा सांगते. १९०७ ची आवृत्ती मंगळुरातच निघावी याचे कारण हेच असले पाहिजे. पुस्तकाची मागणी विद्वानांनी केली नव्हती. ती गाणाऱ्यांकडून आली.

उत्तरेकडचा वृत्तान्त आणखी निराळा आहे आणि मराठीच्या दृष्टीने अधिक जवळचा. फ्रान्सिस्कु वाझ द गिमराइँस यांचे ख्रिस्ताच्या दुःखभोगाचे पुराण १६५९ साली प्रसिद्ध झाले. स्टीफन्स यांच्या ग्रंथाशी त्याची वाङ्मयीन बरोबरी होऊ शकत नाही; त्याची भाषा ओबडधोबड आहे आणि रचना सैल आहे. तरी मुंबई-साष्टी-वसईच्या कॅथलिकांत उपवासकाळात गावयाचे पुस्तक म्हणून ते शतकानुशतके चालले आणि एकोणिसाव्या शतकात मुंबईत त्याचे पुनर्मुद्रण झाले. समीक्षकाने येथे थोडे थांबून आपले माप तपासावे. ज्यास आपण श्रेष्ठ ग्रंथ म्हणतो तो विद्यापीठात आला. ज्यास कनिष्ठ म्हणतो तो घरात राहिला. दोन्हींचा न्याय एकाच तराजूने कसा करावा? चिमाजीअप्पांनी १७३९ साली वसई घेतल्यावर पोर्तुगीज सत्ता गेली आणि तिच्याबरोबर धर्मन्यायालयाची भीतीही गेली. तरी वसईचे ख्रिस्ती ख्रिस्तीच राहिले. सक्तीने आलेला धर्म सक्ती संपल्यावर टिकतो याचा अर्थ मधल्या काळात तो कोठेतरी रुजला होता. ते ‘कोठेतरी’ म्हणजे सायंकाळची जपमाळ, घराबाहेरचा क्रूस, उपवासकाळचे गाणे, मृतासाठीची प्रार्थना.

या घरगुती भक्तीचे स्वरूप नीट पाहिले तर वारकरी भक्तीशी तिचे साम्य आणि भेद दोन्ही लक्षात येतात. सावता माळी, गोरा कुंभार, जनाबाई यांच्या परंपरेत भक्ती कामात शिरते. मळा, चाक, जाते हीच उपासनेची ठिकाणे होतात. कॅथलिक भक्ती प्रथम वेळात शिरते. पहाट, दुपारचे बारा आणि तिन्हीसांजा यांना घंटेचा आवाज आहे. आठवड्याला रविवार आहे, शुक्रवारचा संयम आहे. वर्षाला आगमनकाळ, उपवासकाळ आणि संतांचे सण आहेत. काम कोणतेही असो, घंटा झाली की ते थांबते. मंगळुरी घरांत सांजेच्या प्रार्थनेस ‘अमोरी’ म्हणतात. ‘आवे मारिया’चेच ते बदललेले रूप. लॅटिन प्रार्थनेचे पहिले दोन शब्द झिजून दिवसाच्या एका प्रहराचे नाव झाले, याहून भक्तीच्या रोजच्या वास्तव्याचा चांगला पुरावा कोणता? भाषेचे अभ्यासक ‘अमोरी’चे उच्चारनियम सांगतील, ती झीज कोणत्या जिभांनी केली तेही सांगावयास हवे.

मात्र वेळ आणि काम ही दोन क्षेत्रे कोकणपट्टीत फार काळ अलग राहिली नाहीत. ऑगस्टमध्ये राय, ताळगाव इत्यादी गावी कणसांचा सण होतो. भाताची पहिली कणसे कापून पाद्री त्यांना आशीर्वाद देतात. मंगळुरी कॅथलिकांत ८ सप्टेंबरला मरियेच्या जन्माचा सण येतो. आधीचे नऊ दिवस मुले मरियेला फुले वाहतात. सणाच्या दिवशी आशीर्वादित नवी कणसे घरी आणतात, दाणे दुधात किंवा पायसात घालतात आणि वडील माणसाच्या हातून सर्वांना वाटतात. येथे रोमच्या दिनदर्शिकेतील तारीख आणि भाताच्या पिकाची तारीख एकमेकींत मिसळली आहेत. हे पाहून दोन प्रकारचे लेखक दोन प्रकारचे निष्कर्ष काढतात. एक म्हणतो, हा मूळचा हिंदू सणच. वर मरियेचे नाव चिकटविले एवढेच. दुसरा म्हणतो, सिद्धान्त शुद्ध कॅथलिक आहे. देशी पेहराव केवळ वरवरचा. प्रस्तुत लेखकास दोन्ही निष्कर्ष उथळ वाटतात. सणात बसलेल्या आजीला ‘मूळ’ आणि ‘पेहराव’ हा भेद मुळीच जाणवत नाही. तिच्या लेखी दाणा देवाने दिला, मरियेच्या दिवशी दिला, आणि तो मुलांनी एकत्र बसून खाल्ला पाहिजे. जिथे श्रद्धा आणि सवय यांच्यातला सांधा दिसेनासा होतो, तिथे भक्ती रोजच्या जीवनाची झाली असे समजावे. आणि सांधा उकलून दाखविण्यात समीक्षेचे कौशल्य असले तरी तो तेथे नाही असे मानून जगणाऱ्यांचे जगणे त्यामुळे खोटे ठरत नाही.

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनाविधीत लोकभाषेस वाट करून दिली, तेव्हा स्टीफन्स यांचा पक्ष साडेतीनशे वर्षांनी चर्चच्या अधिकृत दफ्तरात दाखल झाला असे म्हणावयास हरकत नाही. वसईत मिस्सा मराठीत होऊ लागली आणि मराठी ख्रिस्ती लेखनास पुन्हा बहर आला. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी वसईच्या ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादन केले, ‘सुबोध बायबल’ सिद्ध केले. २०२० साली उस्मानाबाद येथील साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. २०२४ साली ते निवर्तले. त्यांच्या निवडीच्या वेळी काहींनी धर्मगुरूच्या अध्यक्षपदास हरकत घेतली होती. ती हरकत वाचताना एक गोष्ट लक्षात आली. हरकत घेणारे आणि समर्थन करणारे, दोघेही स्टीफन्स यांच्या त्याच भाषास्तुतीचा आधार घेत होते: एकजण ती फसवी म्हणून, दुसरा ती खरी म्हणून. चारशे वर्षे मराठीत प्रार्थना करणाऱ्या लोकांना मराठीचे म्हणून ओळखण्यासाठी एका इंग्रज पाद्र्याच्या प्रमाणपत्राची गरज कोणालाही विचित्र वाटली नाही.

काही वर्षांपूर्वी सासष्टीतील एका घरी ग्रंथशोधार्थ गेलो असता जुन्या प्रतीची चौकशी केली. प्रत नव्हती. यजमानांच्या वृद्ध मातोश्री मात्र आतून म्हणाल्या की, पुस्तक नाही, पण थोडे येते. संध्याकाळ झाली होती. आधी तेर्स झाला. जपमाळ संपल्यावर घरातील लहानमोठे एकेक करून त्यांच्यापुढे हात जोडून ‘बेसांव’ मागू लागले. पोर्तुगीज भाषेतील आशीर्वादवाचक शब्दाचेच हे कोकणी रूप. त्यास उत्तर म्हणून देव बरे करो अशा अर्थाचे चार शब्द पुटपुटून त्या प्रत्येकाच्या डोक्यावर हात ठेवीत. मग त्यांनी काही ओव्या म्हटल्या. त्या ख्रिस्तपुराणातील होत्या की लग्नघरातल्या, हे प्रस्तुत लेखकास त्या क्षणी ओळखता आले नाही. विचारले तेव्हा त्यांनाही तो भेद समजला नाही. आमच्या आईच्या, एवढेच त्या म्हणाल्या.